पाठराखीण

विमानातून उतरल्यावर लोक सामानाच्या पट्ट्याकडे धावत सुटतात. बाई कधी धावत नसत. त्यांच्या हाताला नेहमी कोणीतरी म्हातारं माणूस असायचं, आणि त्या माणसाच्या चालीने चालता चालता बाईंची स्वतःची चालही तशीच होऊन गेली होती. एकट्या असल्या तरी त्या हळूच चालायच्या, उजवा कोपर जरासा बाहेर काढून. कोणीतरी धरावा म्हणून.

त्यांचा धंदा सोबतीचा. आधी त्या इस्पितळात आया होत्या. तिथल्याच एका बरं झालेल्या आजोबांना मुलीच्या गावी विमानाने पोचवायचं होतं, घरच्यांना रजा मिळेना, तेव्हा डॉक्टरांनी बाईंचं नाव सुचवलं. बाई तोवर विमानात बसल्या नव्हत्या. पट्टा कसा लावायचा ते आजोबांनीच दाखवलं. पण आजोबा धड पोचले, त्यांच्या मुलीने चार जणींना सांगितलं, आणि हळूहळू इस्पितळ सुटून हेच काम झालं. या मुलाकडून उचलायचं, त्या मुलाकडे पोचतं करायचं. औषधं वेळेवर द्यायची, मोरीपर्यंत न्यायचं, दाराबाहेर उभं राहायचं. आपल्या ताब्यातलं माणूस नजरेआड होऊ द्यायचं नाही, हा बाईंचा नेम. पोचवलं की परत यायचं. येताना शेजारची खुर्ची कधी रिकामी असे, कधी अनोळखी माणसाची. दोन्ही सारखंच.

त्यांच्या सगळ्या म्हाताऱ्यांमध्ये आजी म्हणजे जुनं गिऱ्हाईक. सात वर्षं झाली होती. आजींना दोन मुलगे. थोरला डोंगरातल्या थंड गावी, धाकटा समुद्राकडे. उन्हाळा आणि पाऊस थोरल्याकडे, हिवाळा धाकट्याकडे, अशी वाटणी आजींच्या यजमानांच्या माघारी मुलांनी केली होती, आणि ती दोघांनीही पाळली होती. दोन गावांमध्ये सरळ विमान नव्हतं. मध्ये एका विमानतळावर उतरायचं, सामान घ्यायचं, दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर परत द्यायचं, आणि चांगला तीन तास थांबून दुसरं लहान विमान पकडायचं. हे तीन तास लोकांना जड जातात. या दोघींना वर्षातून दोनदा तेच हवे असायचे.

"तू माझी पाठराखीण गं," आजी पहिल्याच खेपेला म्हणाल्या होत्या. "नवरीबरोबर सासरी धाडतात तशी. फक्त मी पंचाहत्तरीची नवरी, आणि सासरं दोन." तेव्हापासून बाईंना दुसरी हाक आजींनी मारली नाही. राग आला तरी "अहो पाठराखीणबाई", बरं वाटलं तरी "पाठराखीण".

विमानतळ मध्यम. एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाची माणसं दिसायची, पण ओळखू यायची नाहीत, एवढा. सामानाचे दोन पट्टे, त्यातला दुसरा कायम निळ्या प्लॅस्टिकखाली झाकलेला. लिफ्टचं दार बंद होताना मध्येच विचारात पडल्यासारखं थांबायचं. वरच्या मजल्यावर एका जाड खांबामागे तीन खुर्च्या, समोर मोठी काच, काचेपलीकडे कापलेलं गवत आणि धावपट्टी. ती या दोघींची जागा. चाकाची खुर्ची आजी घेत नसत. "खुर्चीत बसलं की लोक माझ्याशी बोलत नाहीत, ढकलणाऱ्याशी बोलतात. यांना पाणी हवंय का म्हणून तुला विचारतील. मी काय मेलेय?"

या खेपेला मात्र बाई विमानात बसल्यापासून आजींची नजर टाळत होत्या.

आदल्या संध्याकाळी थोरल्याने त्यांना जिन्यात गाठलं होतं. चांगला माणूस, निवृत्त झालेला, आवाज खाली आणून बोलला. "बाई, आम्ही हे घर विकतोय. आमचा मुलगा बोलावतोय तिकडे, आम्ही दोघं त्याच्याकडे कायमचे जाणार. आई आता धाकट्याकडेच राहील. तिला आत्ता काही बोलू नका. प्रवासात जिवाला लावून घेईल. तिकडे रुळली की धाकटा सांगेल हळूच." बाईंनी मान डोलावली. सोबतीच्या माणसाने घरच्यांच्या गोष्टीत पडू नये, हेही त्या इस्पितळात असल्यापासून पाळत आल्या होत्या. रात्रभर मात्र एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात फिरत राहिली. आजींना परत यायला घर उरलं नाही, आणि हे आजी सोडून सगळ्यांना माहीत आहे. त्या 'सगळ्यां'मध्ये आपण आहोत.

दुसरीही एक गोष्ट होती, पण ती बाईंनी स्वतःशीही नीट उच्चारली नव्हती. यापुढे ही खेपही नाही. खांबामागच्या खुर्च्याही नाहीत.

सकाळी निघताना आजी उंबऱ्यावर "येते गं" म्हणाल्या. सुनेने त्यांना पोटाशी धरलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "जपून राहा हं, आई." एरवी म्हणायची, "लवकर या." आजींनी बाईंकडे पाहिलं. बाई बॅगेची चेन ओढत बसल्या, ती आधीच लागलेली होती.

*

मधल्या विमानतळावर पट्ट्यावरून बॅग उचलताना बाईंचा खांदा खाली आला.

"काय गं, जड झाली?" आजींनी विचारलं.

"मीच म्हातारी झाले," बाई म्हणाल्या.

"मग मला कोणी उचलायचं? आपल्या दोघींना मिळून तिसरी ठेवावी लागेल."

लिफ्ट नेहमीसारखी विचारात पडली. आजी तिला म्हणाल्या, "ठरव बाई एकदाचं." वर काउंटरपाशी फार गर्दी नव्हती. काउंटरवरची मुलगी नवी होती, मानेभोवती रुमाल, बोलायला गोड. बॅग काट्यावर ठेवली आणि तिने आकड्याकडे बघून ओठ मुडपले.

"आजी, लहान विमान आहे ना, पंधराच किलो चालतं. तुमची बॅग एकोणीसच्या वर गेलीय."

"छे," आजी म्हणाल्या. "सात वर्षं हीच बॅग नेतेय. कधी बारा झाली नाही. तुझा काटा बघ."

"जास्तीचे पैसे भरते मी," बाई घाईने म्हणाल्या. पर्स उघडलीसुद्धा.

"भरते काय, भरते? पैसे झाडाला लागलेत तुझ्या?"

मुलगी चांगल्या मनाची. तिला वाटलं आपण मदत करतोय. "काकू, भरू नका ना उगीच. तुमच्या नावावर काहीच सामान नाहीये. आजींच्या बॅगेतलं चारेक किलो तुमच्या बॅगेत टाका, आणि तीही इथेच द्या. फुकटात काम होईल."

"बघ! पोरीला अक्कल आहे," आजी म्हणाल्या. "उघड बॅग. काय काढायचं ते मी सांगते."

"आजी, मागे रांग आहे. कशाला पसारा? भरू दे मला."

"उघड म्हटलं ना."

बाईंनी बॅग बाजूच्या बाकावर घेतली आणि चेन ओढली. आता हात थांबवून उपयोग नव्हता. वर आजींची रोजची पातळं, नीट घडी केलेली. त्याच्याखाली राखाडी लोकरीचा स्वेटर. त्याच्याखाली दुसरा. मग निळी दुलई, दोरीने आवळून लहान केलेली. मग जाड मोजे, कानटोपी.

"हे काय?" आजी हसल्या. "सूनबाई चुकली की काय? धाकट्याच्या गावी स्वेटर घालून काय उकडून घेऊ अंगाला? हे तर तिकडेच असतं."

बाई कानटोपीची घडी करत राहिल्या.

आजींनी स्वतःच हात घातला. टॉवेलात गुंडाळलेली तसबीर निघाली, यजमानांची, थोरल्याच्या घरी पलंगासमोर असायची ती. मग एका जुन्या पांढऱ्या फडक्याची गाठोडी हाताला लागली. ती एका हाताने उचलेना. गाठ सुटली आणि आत लोखंडी खलबत्ता दिसला. तांब्याएवढा, काळा, आतून घासून घासून आरशासारखा झालेला.

दात गेल्यापासून आजी दाणे नि बदाम कुटून खायच्या. हा खल त्यांच्या आईचा. थोरल्याच्या ओट्यावर त्याची एक गोल खूण पडली होती. दर वर्षी निघताना आजी तो तिथेच ठेवून यायच्या, आणि दर वर्षी फोनवर सूनबाईंना म्हणायच्या, "अगं, खल राहिलाच बघ." सून म्हणायची, "असू दे, आई, मी नीट ठेवते." चार महिने धाकट्याकडे मिक्सरवर भागवायचं, आणि रोज एकदा तरी म्हणायचं, "पिठासारखं होतं यात. माझा खल तिकडे आहे."

आजी त्या खलाकडे पाहत उभ्या राहिल्या. हसू जागच्या जागी सुकलं.

"हा कोणी घातला?"

"सूनबाईंनी घातला असेल," बाई म्हणाल्या. "तुम्ही दर वेळी विसरता म्हणून."

"मी विसरते?" आजींचा आवाज एकदम बारीक झाला. "पाठराखीण, मी कधी काही विसरलेय?"

मागच्या रांगेत कोणीतरी खाकरलं. काउंटरवरच्या मुलीने उगीच कागद सरळ केले.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"काल. थोरल्यांनी जिन्यात सांगितलं. घर विकतायत. ते दोघं तुमच्या नातवाकडे चाललेत."

"आणि तू मान डोलावलीस."

"डोलावली, आजी."

आजींनी दुलई परत बसवली, स्वेटर बसवले, तसबीर दोन पातळांच्या मध्ये ठेवली. मग फडक्याला पक्की गाठ मारून दोन्ही हातांनी खल उचलला आणि बाईंच्या पिशवीवजा बॅगेत, त्यांच्या एकुलत्या एक बदलीच्या साडीवर ठेवला. वरून एक स्वेटर कोंबला.

"बघ गं पोरी, बसलं का तुझ्या हिशेबात?"

"बसलं, आजी. एकदम बरोबर."

"हं. सगळं बरोबरच चाललंय."

*

खांबामागच्या जागेकडे जाताना आजींनी बाईंचा कोपर धरला नाही. भिंतीच्या, कुंड्यांच्या, खुर्च्यांच्या पाठींच्या आधाराने चालल्या. बाई एक पाऊल मागे, हात जरा पुढे काढून, पडल्या तर धरायला.

तिथे पोचायच्या आधी डाव्या हाताला प्रार्थनेची खोली लागते. सगळ्या देवांची मिळून एकच, आत गालिचा, चार खुर्च्या, बाकी काही नाही. बाई एकट्या असल्या की तिथे घटकाभर टेकायच्या. आजी कधी आत गेल्या नव्हत्या. "देवाला काय विमान पकडायचंय?" म्हणून पुढे जायच्या. आज त्या थांबल्या.

"मी आत बसते. तू बाहेर थांब."

"आजी, मी कोपऱ्यात बसते. बोलणार नाही."

"बाहेर."

दाराला उभी काचेची पट्टी होती. तीतून बाईंना आजींची पाठ दिसत होती, पांढरा अंबाडा, आणि खुर्चीच्या पाठीला टेकलेला डावा खांदा. बाई दाराशी उभ्या राहिल्या. नजरेआड होऊ द्यायचं नाही हा नेम पट्टीएवढा उरला होता. त्यांनी मनात हात जोडले. देवा, माझ्यावर रागावू दे, पण हिला एकटं वाटू देऊ नकोस. एवढंच म्हणाल्या. दुसरं काही मागायचं सुचलं नाही.

चाकाच्या खुर्च्या ढकलणारा एक ओळखीचा माणूस रिकामी खुर्ची घेऊन जाताना थांबला. "काय ताई, आज आजी नाहीत?"

"आहेत की. आत आहेत."

"मग तुम्ही अशा का उभ्या, शाळेत वर्गाबाहेर काढल्यासारख्या?"

बाई हसल्या. तो गेला. त्याच्या खुर्चीचं एक चाक लांबपर्यंत कुरकुरत राहिलं.

बऱ्याच वेळाने आजी बाहेर आल्या. डोळे कोरडे होते. "चहा आण," म्हणाल्या. "साखर घालून."

"डॉक्टरांनी..."

"डॉक्टरांना सांग घर विकलं म्हणून. साखर घाल."

खांबामागे बसून दोघींनी चहा घेतला. काचेपलीकडे एक माणूस यंत्राने गवत कापत होता, आवाज आत येत नव्हता. आजींनी कप दोन्ही हातांत धरला होता.

"विमानात नाहीच बसले तर?" त्यांनी विचारलं.

"तर इथेच बसू."

"किती दिवस?"

"चहा मिळतो. मोरी जवळ आहे. तुमची दुलई तेवढी आत गेली."

आजी हसल्या नाहीत, पण त्यांच्या नाकातून थोडी हवा बाहेर पडली. बाईंना तेवढंही पुष्कळ वाटलं.

"मी खल का ठेवून यायची, कळायचं तुला?"

"कळायचं."

"वेड्यासारखंच ते. पण मला वाटायचं, ओट्यावर माझी वस्तू आहे तोवर माझं येणं त्या घराने धरलेलं आहे. जागा अडवून ठेवते ना ती. बसमध्ये रुमाल टाकतात तशी." त्यांनी चहाचा घोट घेतला. "रागवू तरी कोणावर? ती बिचारी, सासूबाईंचं काही राहू नये म्हणून बघत बसली असेल. ओट्यावरून उचलला, धुतला, पुसला, फडक्यात बांधला. आठवणीने घातला गं तिने. आठवणीने."

बाईंनी ओठाशी नेलेला कप खाली घेतला. "मी सांगायला हवं होतं. काल रात्रीच."

"हवं होतं. त्यांनी नाही सांगितलं, ते चालतं. ती माझी मुलं आहेत, ती मला जपतच राहणार, जपत जपत कुठेही नेऊन ठेवतील. तू तर माझी पाठराखीण होतीस ना? मला वाटायचं, एक माणूस माझ्याकडून आहे."

बाईंनी आजींच्या हातातला रिकामा कप घेतला, आपल्या कपात घातला, आणि दोन्ही कप मांडीवर धरून बसल्या.

मग आजींनीच विचारलं, अगदी सहज, जसं गाडीत शेजारणीला विचारतात. "तुझी कुठे आहे वस्तू? कोणाच्या घरी?"

बाईंनी विचार केला. खरंच केला. भावाचं घर होतं, पण तो गेल्यावर वहिनी माहेरच्या गावी गेली, पत्ता राहिला तो जुना. इस्पितळातल्या कपाटाची किल्ली परत देऊन झाली. किती घरांत त्या माणसं पोचवून आल्या होत्या, किती ओट्यांवर उभ्यानेच चहा घेतला होता, पण रुमालसुद्धा कुठे राहिला नव्हता. बॅग भरताना त्या दोनदा बघायच्या.

"कुठेच नाही," त्या म्हणाल्या.

"आणि निघताना 'येते' कोणाला म्हणतेस?"

"कुलपाला."

आजींनी त्यांच्याकडे मान वळवून बघितलं. सात वर्षांत बघितलं नव्हतं असं बघितलं. मग समोरच्या फलकावर त्यांच्या विमानाची ओळ वर सरकली, आणि ध्वनिक्षेपकावरून तपासणीच्या रांगेत उभं राहायला सांगितलं. आजी गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. एक क्षण नुसत्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "कोपर कुठे गेला तुझा?"

बाईंनी कोपर पुढे केला.

*

धाकटा घाईत होता, पण त्याची घाई प्रेमाची होती. गाडी चुकीच्या जागी उभी केली होती, पहारेकरी शिट्टी वाजवत होता, आणि तो लांबूनच हात हलवत आला. आईच्या पाया पडला, मग तिचा हात हातात घेतला आणि त्याला राहवलंच नाही. हळूच सांगायचं होतं ते त्याने तिथेच, शिट्टीच्या आवाजात सांगून टाकलं.

"आई, आता कुठे जायचं नाही बरं का! आता कायमची माझ्याकडे. दादाचं नि माझं ठरलंय."

बाईंनी आजींकडे पाहिलं.

"हो का?" आजी म्हणाल्या. "मला काही बोलली नाही ही पाठराखीण. तोंडाला कुलूप घालून आली बघ."

"बाईंना सांगितलंच नव्हतं आम्ही," धाकटा म्हणाला आणि डिकीकडे वळला. आजींनी बाईंकडे एक नजर टाकली, जुन्या नवराबायकोंनी संसारातलं काही मिळून झाकताना एकमेकांकडे टाकावी तशी.

बाई खाली वाकून आपली बॅग उघडू लागल्या. स्वेटर काढून आजींच्या हाती दिला. खलाची गाठोडी काढणार, तर आजींनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"ते राहू दे."

"आजी, तुमच्या आईचा आहे."

"म्हणूनच सांगतेय. इथे मिक्सर आहे."

"मी काय करू त्याचं? मला तर दात आहेत."

"तुझ्या ओट्यावर ठेव. ओटा आहे ना तुला?"

"आहे."

"मग झालं. आणि कुटताना खाली फडकं घाल चौपदरी, नाहीतर खालच्यांच्या डोक्यावर दणके बसतात. थोरल्याकडे त्यावरून भांडण झालं होतं एकदा." पहारेकऱ्याने परत शिट्टी मारली. "अरे, आले, आले! याला काय दम नाही का?"

धाकट्याने दार उघडून धरलं. आजी एक पाय आत ठेवून थांबल्या. बाईंना त्या दर खेपेला याच जागी म्हणायच्या, "जा आता, तुला उशीर होईल." बाई तेच ऐकायला उभ्या होत्या.

"येते गं," आजी म्हणाल्या.

दार लागलं. काच वर होती. गाडी वळून गेली तरी बाईंचा कोपर बाहेरच होता.

*

परतीची खेप दुसऱ्या दिवशी. एरवी बाई खांद्यावरची बॅग घेऊन सरळ आत जायच्या. या वेळी लोखंड होतं, ते विमानात हाताशी ठेवू देत नाहीत, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी फक्त स्वतःसाठी काउंटरवर सामान दिलं. मधल्या विमानतळावर पट्ट्याशी उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या बॅगा आल्या, माणसं गेली, पट्टा रिकामा फिरत राहिला, आणि बाईंच्या मनात आलं, हरवला. हरवला म्हणून कोणाला सांगायचं? एवढ्यात रबरी पट्ट्या बाजूला सारून त्यांची लहानशी बॅग आली, वजनाने एका कुशीवर कलंडलेली. बाई तिच्याकडे धावल्या. खरंच धावल्या.

वर जाऊन पुढच्या काउंटरवर बॅग द्यायची होती, पण काउंटर उघडायला अवकाश होता. म्हणून त्या खांबामागे जाऊन बसल्या आणि बॅग शेजारच्या खुर्चीवर ठेवली. गवत कापून झालं होतं. थोड्या वेळाने एक जोडपं आलं, लेकरू झोपलेलं, त्यांना दोन खुर्च्या हव्या होत्या.

"ताई, ही बॅग काढता का? की कोणी आहे?"

बाईंनी बॅग उचलून मांडीवर घेतली. "बसा," म्हणाल्या. जड होती. मांडीला रग लागेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.

बाईंची खोली एका तसबिरी चौकटीत बसवणाऱ्याच्या दुकानावर होती. एक पलंग, एक खिडकी, एक ओटा. देवाचा एक लहान फोटो, त्याला खालच्याने फुकटात चौकट करून दिली होती. दिवसभर खालून हातोडीची टकटक वर यायची. वरून खाली कधी काही जायचं नाही.

पोचल्यावर त्यांनी कुलूप काढलं, दिवा लावला, खल ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला. मग उजव्या कोपऱ्यात ठेवून पाहिला. शेवटी खिडकीच्या बाजूला ठेवला, तिथे उजेड यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर मूठभर दाणे भाजले. पांढऱ्या फडक्याची चौपदरी घडी केली, खल त्यावर ठेवला आणि बत्ता उचलला. हाताला सवय नव्हती, दाणे उडाले. मग जमलं. फडकं असूनही आवाज व्हायचा तो झालाच, दण, दण, दण. खालची हातोडी थांबली. बाईही थांबल्या.

"ताई!" खालच्याने रस्त्यावर येऊन खिडकीकडे तोंड करून हाक मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "वर कोणी आलंय का?"

बाई खिडकीशी आल्या. हाताला दाण्यांचा कूट लागला होता.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "यायचंय अजून."